उत्क्रांती न मानणारे चर्चवाले आणि शास्त्रज्ञ, पर्यावरणासाठी एकत्र? हे खरंच चालतं का?

पेरूची_फोड :

मंडळी, एक प्रश्न पडलाय, ऑफिसात कोणाला विचारायची सोय नाही म्हणून इथे टाकतोय.

अटलांटाच्या बाहेर सबर्बमध्ये राहतो, म्हणजे पक्का बायबल बेल्ट, चर्चचा जोर असलेला दक्षिणेचा पट्टा. टीममध्ये एक जण आहे, माणूस अगदी देवमाणूस, आम्ही घर बदललं तेव्हा न बोलावता स्वतःचा ट्रक घेऊन दारात हजर. तर तो येत्या शनिवारी त्यांच्या चर्चच्या एका कार्यक्रमाला ये म्हणून मागे लागलाय. सकाळी नदीकाठचा कचरा उचलायचा, मग जेवण, मग कुठल्यातरी युनिव्हर्सिटीतल्या जीवशास्त्राच्या प्रोफेसरबाईंचं भाषण. विषय, इथल्या ओढ्यानद्यांमधले शिंपले कसे संपत चाललेत. पोस्टरवर मोठ्या अक्षरात, देवाने निर्माण केलेली सृष्टी जपा.

आता माझा घोळ असा की हाच माणूस लंचला बसल्यावर अगदी शांतपणे सांगतो की पृथ्वी काही हजार वर्षांचीच आहे आणि ते माकडापासून माणूस वगैरे सगळं थोतांड. आणि ती बाई तर जन्मभर उत्क्रांती शिकवत असणार ना? मग ही दोघं एका मांडवात कशी काय? बाई तोंड दाबून बसते का, की हे लोक तेवढ्यापुरतं कानात बोळे घालतात?

हे आमच्या इथलंच काहीतरी स्पेशल आहे की असं आधीपासून चालतं, आणि त्यातून खरंच काही होतं का की नुसते टीशर्ट घालून फोटो, एवढंच जाणून घ्यायचंय. तिसरा एक प्रश्न आहे पण तो विचारायला लाज वाटते, गेलो तर नंतर गळाला लावायला बघतील का? बायकोचं मत, जेवण फुकट आहे ना, मग जाऊन ये.

ओढ्याकाठची :

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बायकोने दिलेलंच आहे :) बाकीच्या दोनचं मी देते, मी नदीपरिसंस्थेवरच काम करते आणि असल्या कार्यक्रमांत भाषणंही ठोकलीयत, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी भांडण कुठून आलं ते. १९६७ मध्ये लिन व्हाइट नावाच्या इतिहासकाराने सायन्स या जर्नलमध्ये एक लेख लिहिला, त्याचं म्हणणं थोडक्यात असं की आजच्या पर्यावरणाच्या संकटाचं मूळ पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात आहे, माणूस सृष्टीचा मालक आणि बाकी सगळं त्याच्यासाठी, ही ती वृत्ती. लेख प्रचंड गाजला. पर्यावरणवाल्यांना आयतं कोलीत मिळालं आणि चर्चवाल्यांच्या मनात कायमचं बसलं की ही निसर्गप्रेमी मंडळी आपल्या विरोधातच आहेत. (गंमत म्हणजे व्हाइट स्वतः ख्रिस्ती होता आणि लेखाच्या शेवटी त्याने असिसीच्या संत फ्रान्सिसचा आदर्श पुढे ठेवलाय, पण तेवढं वाचायला कोणाला वेळ होता.)

तरी मधल्या काळात काही लोक चिकाटीने काम करत होते. विस्कॉन्सिनचा कॅल्विन डीविट घ्या, पाणथळ जागांचा शास्त्रज्ञ आणि स्वतः इव्हँजेलिकल, म्हणजे बायबललाच अंतिम मानणाऱ्या, धर्मप्रसारावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंटांपैकी. १९९६ मध्ये वॉशिंग्टनमधले रिपब्लिकन धोक्यातल्या प्राण्यांचा कायदा पातळ करायला निघाले तेव्हा तो आणि त्याचे लोक उभे राहिले आणि म्हणाले की हा कायदा म्हणजे आजच्या काळातलं नोहाचं तारू (बायबलमधली, प्रलयातून प्राण्यांना वाचवणारी नौका) आहे आणि तुम्ही ते बुडवायला निघालात. आता विचार करा, ज्या खासदाराची अख्खी व्होटबँक चर्चमध्ये बसते त्याला हे ऐकून घाम फुटणारच.

मग जॉन हॉटन. हा वेल्समधला हवामानशास्त्रज्ञ, ऑक्सफर्डला प्राध्यापक होता, नंतर ब्रिटनच्या हवामान खात्याचा प्रमुख, आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या, पहिल्या तिन्ही अहवालांत विज्ञानाची बाजू सांभाळणाऱ्या गटाचं अध्यक्षपद त्याच्याकडे होतं. आणि हा गडी पक्का भाविक, दर रविवारी उपासनेला. २००२ मध्ये त्याने ऑक्सफर्डला एक परिषद घेतली आणि अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल पुढाऱ्यांना मुद्दाम बोलावलं. त्यात रिचर्ड सिझिक होता, नॅशनल असोसिएशन ऑफ इव्हँजेलिकल्सचा वॉशिंग्टनमधला माणूस, त्यांचं राजकारण बघणारा. आकडे दाखवणारा माणूस आपल्यातलाच, आपल्यासारखीच प्रार्थना करणारा, म्हटल्यावर सिझिक तिथून पार बदलून परत आला, आणि तो ते सरळ धर्मांतराच्याच भाषेत सांगायचा.

आता तुमच्या राज्याकडे येते. २००६ च्या शेवटी जॉर्जियातल्या थॉमसव्हिलला, फ्लोरिडाच्या सीमेजवळ, दोन्हीकडची काही मंडळी बंद दाराआड भेटली. शास्त्रज्ञांकडून पुढाकार हार्वर्डच्या एरिक चिव्हियनचा. तो मानसोपचारतज्ज्ञ, अण्वस्त्रांविरुद्धच्या ज्या डॉक्टरांच्या संघटनेला १९८५ चं शांततेचं नोबेल मिळालं तिच्या संस्थापकांपैकी एक. १७ जानेवारी २००७ ला वॉशिंग्टनमध्ये त्यांनी एकत्र निवेदन काढलं, खाली २८ सह्या. नासाचा हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन, मुंग्यांचा अभ्यासक ई. ओ. विल्सन, आणि दुसऱ्या बाजूला फ्लोरिडातल्या एका प्रचंड मोठ्या चर्चचा पाळक जोएल हंटर. विल्सन तर स्वतःला अजिबात आस्तिक म्हणवत नसे, पण लहानपण अलाबामातल्या बॅप्टिस्ट घरात गेलेलं, त्यामुळे ती बोली त्याला बरोबर यायची. आदल्याच वर्षी, २००६ मध्ये, त्याने एक अख्खं पुस्तकच बॅप्टिस्ट पाळकाला लिहिलेल्या पत्राच्या रूपात लिहिलं होतं.

आणि तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर या भेटीतच आहे. जीवसृष्टी कशी झाली यावर आपलं पटणार नाही, हे त्यांनी आधीच मान्य करून टाकलं. तो विषय टेबलावर घ्यायचाच नाही. आहे ती सृष्टी आपल्या डोळ्यादेखत चाललीय आणि ती आपण घालवतोय, यावर पटतंय ना, मग तेवढ्यावर बोलू. तुमच्या प्रोफेसरबाई तोंड दाबून बसत नसणार, त्या शनिवारी त्यांचा विषय शिंपले आहेत, डार्विन नाही, एवढंच.

पुढे त्या उन्हाळ्यात यांच्यातले काही जण अलास्कालाही जाऊन आले, हवामानबदल डोळ्याने बघायला. तिकडे काय दिसतं तर शिशमारेफसारखी गावं. सहाशेच्या आसपास वस्ती, इन्युपियाक लोक, समुद्रातल्या अरुंद बेटावर. पूर्वी शरद ऋतूतच किनाऱ्याला बर्फ धरायचा, मग वादळ आलं तरी लाटा त्या बर्फावरच फुटायच्या. आता बर्फ उशिरा धरतो आणि वादळं तर वेळेवर येतात, त्यात खालची कायम गोठलेली जमीन भुसभुशीत झालेली, मग किनारा ढासळतो आणि घरं कलंडतात. गावाने स्थलांतरासाठी दोनदा मतदान केलं, २००२ ला आणि २०१६ ला. हे प्रत्यक्ष बघितल्यावर ग्राफ दाखवायची फार गरज पडत नाही.

भोचक_भाऊ :

ताई, सुंदर लिहिलंत पण पिक्चर इंटरव्हललाच बंद केलात की. पुढचा भाग मी सांगतो.

निवेदनाला दोन महिने होत नाहीत तोच मार्च २००७ मध्ये जेम्स डॉब्सन वगैरे बड्या धार्मिक पुढाऱ्यांनी सिझिकच्या संघटनेला पत्र लिहिलं, याला आवरा नाहीतर घरी पाठवा, ग्लोबल वॉर्मिंगच्या नादात गर्भपात नि लग्नसंस्था हे आपले खरे मुद्दे मागे पडतायत. संघटनेने तेव्हा त्याला काढलं नाही, पण २००८ च्या डिसेंबरात रेडिओवरच्या एका मुलाखतीत समलिंगी जोडप्यांच्या नागरी करारांबद्दल त्याचं मत बदलतंय असं तो बोलून गेला आणि गेली नोकरी. टाइम मासिकाने चिव्हियन आणि सिझिक या जोडीला जगातल्या १०० प्रभावी लोकांत बसवलं होतं त्याच वर्षी बरं का.

दुसरीकडे कॉर्नवॉल अलायन्स नावाची मंडळी आहेत, तेही बायबल हातात घेऊनच सांगतात की देवाने पृथ्वी एवढी लेचीपेची बनवलेली नाही, कार्बनवर बंधनं आणाल तर गरीब मरतील. त्यांचं जाहीरनामे काढणं चालूच. आणि प्यू रिसर्चची २०२२ ची पाहणी बघा, पृथ्वी मुख्यतः माणसामुळे तापतेय असं मानणारे एकूण अमेरिकन ५३ टक्के, इव्हँजेलिकलांत ३२. एवढी वर्षं निवेदनं, सह्या, अलास्का, आणि हातात काय? मतदानाच्या दिवशी गोरे इव्हँजेलिकल दहातले आठ रिपब्लिकनांकडेच जातात हे आपण सगळे जाणतो.

पेरूभाऊ, जेवायला अवश्य जा. पण ती प्रोफेसर निघून गेली की पार्किंगमधल्या गाड्यांवरचे स्टिकर वाचा.

पेरूची_फोड :

म्हणजे सगळंच मुसळ केरात? :( माझा मित्र मला खोटा वाटत नाही हो. आणि त्याच्या ट्रकवर स्टिकर आहे फक्त मासेमारीच्या दुकानाचा.

नगरी_मिरची :

मी मराठी ख्रिस्ती, घराणं नगरचं, मिशनच्या शाळांत मास्तरक्या करणारं. सध्या मुक्काम पुणे. इथे चर्चा चर्चची चाललीय आणि चर्चमधला कोणी नाही म्हणून लिहितो.

आधी एक फरक लक्षात घ्या. ख्रिस्ती म्हटलं की आपल्याकडे पर्यावरणात पहिलं नाव येतं फादर दिब्रिटोंचं, वसईत बिल्डर नि टँकरवाल्यांच्या विरोधात उभे राहिले ते, हरित वसईची चळवळ. नगर जिल्ह्यातल्या लोकांना फादर बाखर आठवतील, पाणलोटाच्या कामात ज्यांनी आयुष्य घातलं. पण हे दोघेही कॅथलिक. त्यांच्यात वरून आदेश येतो, रचना आहे. इव्हँजेलिकलांत तसा पोप नाही, प्रत्येक मंडळी स्वतःच्या मनाची, प्रत्येक पाळक आपल्या गावचा राजा. त्यामुळे वॉशिंग्टनमधल्या संघटनेने सही केली म्हणजे टेक्सासमधल्या एखाद्या चर्चने मान्य केलं असं अजिबात नसतं, आणि भोचक भाऊ, उलटंही खरं आहे, डॉब्सनने पत्र लिहिलं म्हणून पेरूभाऊंच्या मित्राने कचरा उचलायचं थांबवलं असंही नाही.

आत काय वाद चालतो ते सांगतो. एक गट म्हणतो की प्रभू येणार, हे सगळं एक दिवस जळून जाणारच आहे, मग नदी साफ करण्यापेक्षा आत्मे वाचवा. हे मी लहानपणी आमच्याकडच्या कन्व्हेन्शनमध्येही (मोठ्या धार्मिक मेळाव्यात) ऐकलंय, मांडवात, मे महिन्यात, बाहेर दुष्काळ. दुसरा गट उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायाकडे बोट दाखवतो, आदामाला बागेत ठेवलं ते तिची मशागत आणि राखण करायला. आणि प्रभू कधी येणार ते कोणालाच ठाऊक नाही, येईल तेव्हा कारभाऱ्याकडे हिशेब मागणारच. ज्याने नवस बोलावा तसं देवाचं नाव घ्यावं आणि देवाचीच मालमत्ता नासवावी त्याला मालक काय म्हणेल? हा युक्तिवाद आमच्या म्हाताऱ्या मंडळींना लगेच पटतो, तिथे कार्बनचा ग्राफ चालत नाही.

यातून काय होतं त्याचं एक ठोस उदाहरण, पाऱ्याचं. दगडी कोळसा जाळला की धुरातून पारा बाहेर पडतो, पावसाबरोबर तळ्यानद्यांत उतरतो, तिथले जिवाणू त्याचं मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात, तो माशात साठतो, लहान मासा मोठ्याने खाल्ला की आणखी साठतो. तो मासा गरोदर बाईच्या ताटात आला की थेट पोटातल्या बाळाच्या मेंदूपर्यंत. हे सगळं शास्त्रज्ञांनी काढलेलं. अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल एन्व्हायर्न्मेंटल नेटवर्कने ते उचललं आणि म्हणाले, आपण गर्भातल्या जिवाच्या रक्षणाच्या गोष्टी करतो ना, मग हे काय आहे? २०११ च्या डिसेंबरात वीजकेंद्रांच्या पाऱ्यावर केंद्र सरकारचा नियम आला, त्याच्या बाजूने हे लोक उघड उभे राहिले. पर्यावरणवाल्यांना जे शंभर पत्रकं वाटून जमलं नसतं ते. गर्भपाताच्या राजकारणावर माझं मत वेगळं आहे, पण युक्तिवाद म्हणून बिनतोड होता आणि तो बाहेरच्याला कधी सुचला नसता.

आणि आत राहून बोलणारी माणसं लागतात. कॅथरीन हेहो बघा, टेक्सास टेकची हवामानशास्त्रज्ञ. हिचा नवरा पाळक. आणि लग्न झाल्यावर बाईसाहेबांना कळलं की नवरा हवामानबदल मानतच नाही! झाली की नाही पंचाईत. मग घरातच वाद, नासाचे तापमानाचे आकडे एकत्र बसून बघणं, वर्ष दीड वर्ष गेलं म्हणे, तेव्हा कुठे गडी वळला. घरचाच माणूस एवढा वेळ घेत असेल तर प्यूचे आकडे २० वर्षांत पलटी खातील ही अपेक्षाच चूक आहे.

बाय द वे गळाला लावतील का या प्रश्नावर, आमंत्रण देतील, पुन्हा या म्हणतील, कदाचित तुमच्यासाठी प्रार्थना करू का विचारतील. नको म्हणालात तर पुढच्या वाटीत बटाट्याचं सॅलड वाढतील. घाबरू नका.

घुबडराव :

धागा वाचून राहवलं नाही. सगळे अमेरिकेत घुसलाय, आपल्याच देशातलं सगळ्यात जोरदार उदाहरण राहिलं ना राव. अमूर ससाणा.

हा पक्षी दीडशे ग्रॅमचा असेल नसेल, सैबेरिया नि उत्तर चीनकडून निघतो आणि दक्षिण आफ्रिकेत जातो, वाटेत ऑक्टोबर नोव्हेंबरात नागालँडमध्ये उतरतो कारण तेव्हा तिकडे वाळवीचे पंखवाले किडे ढगांसारखे उठतात. लोणावळ्याच्या पठारांवर नोव्हेंबर डिसेंबरात आपल्याला जो दिसतो, ज्याच्यासाठी आम्ही पहाटे पाचला मुंबईहून गाड्या काढतो, तो हाच.

तर २०१२. वोखा जिल्ह्यातलं दोयांग धरण. बानो हरालू, रामकी श्रीनिवासन, रोकोहेबी कुओत्सु आणि आपला शशांक दळवी, हे लोक तिथे पोचले आणि जे बघितलं ते व्हिडिओवर आणलं. मासे धरायची जाळी, पण पाण्यात नाही, पक्षी रात्री जिथे बसतात त्या झाडांच्या मध्ये उंच टांगलेली. पहाटे हजारो ससाणे अडकलेले, त्यांना जिवंत ठेवायला मच्छरदाणीच्या जाळीत कोंबायचं, नाहीतर पिसं उपटून बांबूला बांधून रस्त्याने विकायला न्यायचं. त्यांचा अंदाज दिवसाला १२ ते १४ हजार आणि हंगामात सव्वा लाखाच्या आसपास. तो व्हिडिओ मी आजपर्यंत पूर्ण बघू शकलेलो नाही.

आता हे गावकरी राक्षस होते का, तर नाही. धरणात शेती गेली, मग मासेमारीवर आले, आणि वरून एवढं मांस उडत येतंय तर धरलं. आणि गावं सगळी बॅप्टिस्ट. नागालँडला अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी आले १८७२ मध्ये, आज गावात ग्रामपरिषदेपेक्षा चर्चचा शब्द मोठा, रविवारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. त्यामुळे नुसता वनखात्याचा बोर्ड लावून काही झालं नसतं. पक्षी अभ्यासक, जिल्हा प्रशासन, ग्रामपरिषदा आणि चर्च सगळे बसले. गावांनी ठराव करून दंड ठेवला, पोरांचे निसर्ग क्लब निघाले, आणि चर्चमध्ये पाळकांनी उपदेशातून सांगितलं की लांबून आलेल्या या पाहुण्याला मारू नका. २०१३ च्या हंगामात एकही पक्षी जाळ्यात मारल्याची नोंद नाही. सव्वा लाखावरून शून्य, एका वर्षात. भारतात वन्यजीव संरक्षणात असा निकाल मला दुसरा माहीत नाही.

त्याच नोव्हेंबरात वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट आणि हंगेरीच्या शास्त्रज्ञांनी तीन पक्ष्यांच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग लावले आणि नावं काय ठेवली तर नागा, वोखा, पांगती. पांगती म्हणजे जिथे सगळ्यात जास्त मारले जायचे ते गाव! मग नागा साधारण साडेपाच दिवसांत न थांबता ५,६०० किलोमीटर, अख्खा भारत नि अरबी समुद्र पार करून आफ्रिकेत. आता पुढच्या वर्षी आपल्या गावाच्या नावाचा पक्षी परत येतोय का याची वाट बघणारं गाव त्याला जाळ्यात धरेल का?

भोचक_भाऊ :

घुबडराव, गोष्ट भारी आहे, मान्य. पण यात चर्चचा वाटा किती आणि दंडाचा, कलेक्टरचा, टुरिझमच्या आशेचा किती? हे वेगळं काढता येतं का? आणि तिथे चर्चच्या विरोधात कोळसा कंपनी उभी नव्हती. गावातलं जाळं सोडवणं आणि तेल लॉबी सोडवणं यात जमीन अस्मानाचा फरक.

घुबडराव :

वेगळं नाही काढता येत, आणि मी काढणारही नाही. दंड ग्रामपरिषदेने लावला, पण तिकडे परिषदेत बसणारे आणि चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारे तेच लोक असतात. दुसरा मुद्दा मान्य. धाग्याचा प्रश्न मात्र शास्त्रज्ञ आणि चर्चवाले एकत्र येऊन काही होतं का असा होता, तेल लॉबी पडते का असा नव्हता :)

ओढ्याकाठची :

तेल लॉबीचा विषय निघालाच आहे तर भोचक भाऊंसाठी एक माणूस. बॉब इंग्लिस. साउथ कॅरोलिनाचा रिपब्लिकन खासदार, एकदम कट्टर, हवामानबदल म्हणजे अल गोरचं (विरोधी डेमोक्रॅट पक्षाच्या पुढाऱ्याचं) खूळ असं म्हणणारा, आणि हे तो स्वतःच सांगतो की अभ्यास वगैरे काही केला नव्हता, गोर बाजूने आहे ना मग मी विरोधात. २००४ मध्ये मुलगा १८ वर्षांचा झाला, पहिलं मतदान, तो बापाला म्हणाला मत तुम्हालाच देईन पण पर्यावरणाचं तेवढं सुधारा. मग संसदेच्या विज्ञान समितीबरोबर तो अंटार्क्टिकाला गेला, बर्फाच्या गाभ्यातले जुन्या हवेचे बुडबुडे बघितले. आणि मग ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरिअर रीफवर स्कॉट हेरन नावाच्या समुद्रशास्त्रज्ञाबरोबर पाण्यात उतरला. हेरन त्याला प्रवाळ दाखवत होता, आणि इंग्लिस म्हणतो की पाण्यात बोलता येत नव्हतं तरी त्याच्या डोळ्यांत मला दिसलं की हा माणूस देवाची स्तुती करतोय. वर आल्यावर गप्पा झाल्या तर हेरन खरंच भाविक निघाला. परत येऊन इंग्लिसने २००९ मध्ये कार्बनवर कर लावायचं विधेयक आणलं, तेही साउथ कॅरोलिनाच्या रिपब्लिकनाने!

२०१० च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, त्याच्याच पक्षाने त्याला आडवा केला, मोठ्या फरकाने. म्हणजे भोचक भाऊ, तुमचं म्हणणं यात आहेच, मी लपवत नाहीये. बायबलमुळे किंवा विज्ञानामुळे ही युती मोडत नाही, ती प्रायमरीत मोडते. पण इंग्लिस घरी बसला नाही, अजून उजव्या विचारांच्या लोकांना हेच सांगत फिरतोय. आणि सिझिकला घालवलेल्या त्याच संघटनेने २०१५ मध्ये सृष्टीच्या राखणीवर ठराव केला, २०२२ मध्ये हवामानबदल आणि गरीब यांवर अख्खा अहवाल काढला. मंद आहे, मान्य, माझ्या ओढ्यांच्या मानाने तर फारच मंद.

भोचक_भाऊ :

प्रायमरीत मोडते, हे बाकी एक नंबर. यावर वाद नाही. पण मग उपाय पण प्रायमरीतच शोधायला हवा ना, नदीकाठी कशाला?

नगरी_मिरची :

कारण प्रायमरीत मत देणारा माणूस शनिवारी नदीकाठी असतो, म्हणून.

पेरूची_फोड :

जातोय. मित्राला कळवलं, तो एवढा खूश झाला की मलाच कसंतरी झालं. आता शेवटचं, प्रोफेसरबाईंना काहीतरी बरा प्रश्न विचारायचाय, असा की मित्रही अवघडणार नाही आणि मी अगदीच बावळट वाटणार नाही. ताई, शिंपल्यांबद्दल काय विचारू? मला शिंपला म्हणजे तिसऱ्या नि सुकं एवढंच माहीत.

ओढ्याकाठची :

तिसऱ्या असतात समुद्राजवळच्या खाडीतल्या, हे शिंपले गोड्या पाण्यातले, खाऊ नका :) अमेरिकेत यांच्या ३०० च्या आसपास जाती आहेत आणि सगळ्यात जास्त तुमच्याच दक्षिणपूर्वेकडे, अलाबामा जॉर्जिया टेनेसीच्या पट्ट्यात. जगात कुठेच एवढ्या नाहीत. त्यातल्या बहुतेक धोक्यात.

त्यांना विचारा की शिंपल्याची पिल्लं नदीत वरच्या अंगाला कशी पोचतात, कारण शिंपल्याला काही पोहता येत नाही. मग बघा बाईंची कळी कशी खुलते ते. काही जातींची मादी शिंपल्याच्या बाहेर मांसाची एक पाळ काढते, ती हुबेहूब छोट्या माशासारखी, डोळ्याचा ठिपका, शेपटीची वळवळ, सगळं. बास मासा खायला म्हणून झडप घालतो आणि ती त्याच्या तोंडात शेकडो अळ्या सोडते. त्या कल्ल्यांना चिकटून काही आठवडे फुकट प्रवास करतात आणि मग दुसरीकडे तळाशी गळून पडतात. तुमचा मित्र म्हणेल देवाची करणी, बाई मनात म्हणतील नैसर्गिक निवड, दोघंही एकाच स्लाइडकडे बघून वा म्हणणार.

आणि त्याला जोडून विचारा की पाणी गढूळ झालं तर काय होतं. बासला ती पाळ दिसतच नाही, झडप नाही, म्हणजे पुढची पिढी नाही. म्हातारे शिंपले तळाशी जिवंत असतात पण पिल्लू एकही नाही, वर्षानुवर्षं. गढूळ कशाने होतं तर तुमच्या सबर्बमध्ये नवीन घरांच्या साइटवरची उघडी माती पावसाबरोबर ओढ्यात येते त्याने. साइटच्या कडेला काळं कापड खुंट्यांना ताणून लावलेलं असतं ते माती अडवायलाच, आणि निम्म्या ठिकाणी ते आडवं पडलेलं असतं. काउंटीला फोन करून तक्रार करता येते, मित्राला सोबत घ्या, त्याच्या ट्रकमधून दोघं एक चक्कर मारून या.